जाड शिवण

"श्वास सोडा साहेब. माप घेतोय, फोटो नाही काढत."

वडिलांचं हे वाक्य मास्तरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची मान कापायच्या टेबलाच्या वर येत नव्हती. आरशासमोर उभं राहिलं की गिऱ्हाईक आपोआप पोट आत घ्यायचं, छाती पुढे काढायचं. वडील ओठांत टाचण्या धरून त्याच सुरात तेच म्हणायचे. गिऱ्हाईक हसायचं, हसताना श्वास सुटायचा, आणि तेवढ्यात टेप कमरेभोवती फिरून परत वडिलांच्या गळ्यात.

ते आज आठवायला कारण शुक्रवार झाला. शुक्रवारी हॉस्पिटलच्या वजनकाट्यावर मास्तर स्वतःच श्वास रोखून उभे राहिले होते. फुगवलेली छाती जणू थोडी जास्त भरते. काटा काही फसला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, मागचा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, या अंगावर पुढचं औषध मी देणार नाही. अन्ननलिकेतून घास उतरत नाही ना, मग पोटातून नळी घालू. दर दोन-तीन तासांनी तिच्यातून थोडं थोडं अन्न जाऊ दे. अंगात ताकद आली की पुढचं औषध. नळी नसेल तर औषधही नाही. घरी बोला आणि सोमवारी सांगा."

"आजच सांगतो," मास्तर म्हणाले होते. "नळी नको."

आणि आज रविवार. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, रस्त्याचं ऊन जमिनीवर गुडघाभर आत आलेलं. जिना चढवेना तेव्हापासून मास्तरांचा पलंग दुकानामागच्या खोलीत होता, मध्ये फक्त ट्रायल रूमचा जुना पडदा. पडद्यापलीकडे खुर्च्या सरकल्या. कापायच्या टेबलाभोवती घर गोळा होत होतं, आणि मास्तर डोळे मिटून जागे होते.

*

मास्तरांची धाकटी लेक येताना ज्यूस काढायचं यंत्र घेऊन आली होती. दुसऱ्या गावात शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा नकाशा काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. बाबांच्या आजाराचाही तिने काढला होता. सकाळी बीट, दुपारी गाजर, साखर बंद. दादाने ते खोकं पाहिलं आणि काही न बोलता इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवलं.

"पाणी उतरत नाही त्यांना," तो म्हणाला. "बीट कुठून उतरणार?"

"मग मला आधी का नाही सांगितलं? दर आठवड्याला फोन करत होते मी. तू काय म्हणायचास? 'बरे आहेत. टापटीप आहेत.'"

"होतेच टापटीप."

"टापटीप म्हणे. बाबा काय शोकेसमधला पुतळा आहेत? तुमच्या डोळ्यांदेखत माणूस असा झिजतो आणि घरात एकालाही दिसत नाही?"

हाच प्रश्न दादा शुक्रवारपासून स्वतःला विचारत होता. हॉस्पिटलच्या मदतकेंद्रातल्या सिस्टर दर बुधवारी फोन करायच्या. घास उतरतो का, झोप लागते का, तोंड आलंय का. आणि शेवटी नेहमी एक विचारायच्या, "कपडे सैल झालेत का? घरी काटा नसला तरी चालेल. कपडे सैल व्हायला लागले की लगेच कळवा. कपडे सगळ्यात आधी सांगतात." दादाला पहिल्यांदा हसूच आलं होतं. कपड्यांचं आम्हाला काय सांगता सिस्टर, आमचा पिढीजात धंदा आहे. दर बुधवारी तो फोन कानाला लावून बाबांकडे निरखून पाहायचा. पँट कमरेवर नीट बसलेली, इस्त्रीची घडी सरळ बुटापर्यंत उतरलेली, शर्टाचा खांदा खांद्यावर. "नाही सिस्टर. अगदी मापात आहेत."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणूनच तो शुक्रवारी काट्याकडे बघत राहिला होता.

"कपडे सैल झालेच नाहीत," तो आता धाकटीला म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. आपलंच वाक्य त्याला परक्याच्या तोंडचं वाटलं. इतकं वजन गेलं आणि कपडे सैल झाले नाहीत. हे कोणता शिवणारा मानेल?

तो उठला. इस्त्रीसाठी टांगलेली बाबांची तपकिरी पँट त्याने दांडीवरून काढली, उलटी केली, मागची शिवण अंगठ्याखाली घेतली. शिवण कुठली, दोरखंड होता तो. एकावर एक आत घेतलेल्या टिपा, प्रत्येक टिपेच्या पलीकडे न कापता ठेवलेलं कापड, आणि ते वर चढून टोचू नये म्हणून हाताने घातलेले बारीक तिरपे टाके. घरातल्या प्रत्येकाचा टाका हस्ताक्षरासारखा ओळखू येतो. हे अक्षर कुणाचं, ते विचारावं लागलं नाही.

त्याने पँट टेबलावर ठेवली, आतली बाजू वर करून.

"आत्या," तो म्हणाला. "हे काय आहे?"

*

आत्या खिडकीपाशी गिऱ्हाइकाच्या कोटाला काज करत होती. रविवारी दुकान बंद असतं, हात बंद ठेवायचे असतात असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला, बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं.

"पँट आहे," ती म्हणाली.

"आत्या, थट्टा नको."

"मी कुठे करतेय? विचारलंस, सांगितलं."

पहिल्यांदा ते झालं ते औषधाच्या दुसऱ्या डोसनंतर. अण्णा, तिचा भाऊ, गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठला. एका हातात टेप, आणि दुसरा हात नकळत स्वतःच्या कमरेला, पँट धरायला. जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेला आकार देणारा माणूस स्वतःची पँट मुठीत धरून उभा. गिऱ्हाईक बघत होतं. अण्णाच्या चेहऱ्यावर काय आलं ते आत्याने पाहिलं, आणि त्या दुपारी तो झोपल्यावर पँट मशीनखाली घेतली. जेमतेम बोटभर आत. संध्याकाळी त्याने ती घातली, दोन्ही हात मोकळे सोडून दुकानभर फिरला, दिवा लावला, दादावर एकदा खेकसलाही. तिला वाटलं, एवढंच तर हवं होतं.

मग पुन्हा. मग शर्ट. मग दुसरी पँट. दुपारी घर निजलं की ती मशीनवर बसायची, आणि पायाच्या ठेक्याबरोबर आईच्या ओव्या आपोआप ओठांवर यायच्या. आई शिवताना म्हणायची त्या:

*सुई जाई पुढं पुढं, दोरा राही मागं मागं,*
*फाटल्याचं दुःख बाई, कापड ना कुणा सांगं.*

*टाका घालावा नाजूक, वर दिसू नये खूण,*
*आत गाठ मारणारी, तिला विचारावं कोण?*

"किती वेळा घेतलीस आत?" धाकटीने विचारलं.

"मोजलं नाही."

"तुला माहीत होतं. तुला एकटीला सगळं माहीत होतं, आणि तू कुणाला कळू दिलं नाहीस."

"मी बाबांकडे बघून सिस्टरना उत्तरं देत होतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच आत्याला जास्त लागलं. "तू शिवलेल्या पँटकडे बघून. मी महिनाभर तुझ्या टिपा हॉस्पिटलला कळवत होतो, आत्या."

मघापर्यंत एकमेकांवर धावून जाणारे बहीणभाऊ आता टेबलाच्या एका बाजूला आले होते. लहानपणी चिंधीच्या बाहुलीसाठी भांडताना तिसरं कुणी मध्ये आलं की येत तसेच.

"त्याला कळू नये म्हणून केलं," आत्या म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून नाही."

"पण कळलं नाही ते आम्हालाच."

आत्याने पँट ओढून घेतली, पुन्हा सुलटी केली, घडी घातली. शिवताना तिच्या डोळ्यांपुढे फक्त एक माणूस होता. ती पँट बाकीचेही बघणार आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

*

सूनबाई इतका वेळ कापडाच्या गठ्ठ्यावर बसून सफरचंद सोलत होती. शाळेची बस चालवते ती. सकाळी मुलं पोचवायची, दुपारी उशिरा परत आणायची, मधले तास मोकळे. भांडणाचा तिला सराव होता. कोणतं आपोआप विझतं आणि कोणत्याला गाडी बाजूला घ्यावी लागते हे तिला आवाजावरून कळायचं.

तिने सुरी खाली ठेवली.

"वन्सं, एक विचारू? बाबांना अंघोळ कोण घालतं?"

धाकटीने दादाकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही सांगा."

"आत्या," दादा म्हणाला.

"पाठ कोण चोळतं, उलटीचं भांडं कोण धरतं, चादर कोण बदलतं? आपण सगळे इस्त्रीतले बाबा बघतो. उघडं अंग बघते ती एकटी. आपल्याला दिसलं नाही म्हणता, तर बघायला गेलं कोण होतं? मी नव्हते गेले. तुम्हीही नाही. आणि वन्सं तर काय, दीडशे मैलांवरून बीट पाठवतायत."

"वहिनी, हे बरं नाही हं."

"नाहीच बरं. पण खरं आहे की नाही?"

धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येता येता राहिलं आणि त्याचं भलतंच काही झालं. तिने मान फिरवून आरशाकडे बघितलं, आरशातही सगळे होतेच.

सूनबाईने आणखी एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नव्हती. हॉस्पिटलच्या तळघरात चादरींच्या कपाटांशेजारी एक खोली आहे. दारावर नुसतं 'सोबत' असं लिहिलंय. आत किटली, जुन्या खुर्च्या, आणि आजाऱ्यांना घेऊन आलेली माणसं. आजारी नव्हेत, त्यांना घेऊन आलेली. बाबांचं औषध चालू असताना ती एकदा चहा शोधत तिथे शिरली आणि मग दर वेळी जात राहिली. एक म्हातारा तिथे येऊन नुसता झोपायचा, कुणी उठवत नसे. एक बाई सांगत होती की नवऱ्याला झोप लागली की मी आधी खूश होते आणि मग त्या खुशीची मला लाज वाटते. कुणी तिला 'असं बोलू नये' म्हटलं नाही. बुधवारी फोन करणाऱ्या सिस्टर तिथे बसायच्या, ऐकायच्या, आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या: तुमच्या जागी आठवड्यातून अर्धा दिवस कोण असतं? नाव सांगा.

सूनबाईला नाव सांगता आलं नव्हतं. आत्याबाईंच्या जागी कुणीच नसतं. सिस्टरनी एका बुधवारी आत्याबाईंनाच फोनवर मागून घेतलं होतं, "तुम्ही कशा आहात?" आत्याबाई म्हणाल्या, "मी आजारी नाही," आणि फोन ठेवला.

ते सगळं तिने आता सांगून टाकलं. खोली, किटली, झोपणारा म्हातारा.

"तू तिथे जात होतीस?" दादा बघत राहिला. "कशाला?"

"रडायला," सूनबाई म्हणाली. "तिथे रांग नसते."

मग ती आत्याकडे वळली. "आत्याबाई, नळी घातली तर दुपारचं अन्न मी देते. माझे मधले तास मोकळेच असतात. शिकवतात ते, अवघड नाही. संध्याकाळचं आणि रात्रीचं हे करतील."

"करतो," दादा म्हणाला.

"मी सुट्टी घेते," धाकटी म्हणाली. "सुट्टी म्हणजे खरी सुट्टी. महिनाभर. बीट न आणता."

आत्याने पँटच्या घडीवरून हात फिरवला.

"कुणाला काही करायला नको. मला जमतं."

"आत्या, दर दोन-तीन तासांनी..."

"जमतं म्हटलं ना. इतके दिवस कुणी केलं? त्याला माझ्या हाताची सवय आहे. तू गाडी चालवून दमलेली येतेस, तो दुकानात वाकलेला असतो, ही चार दिवस येणार आणि जाणार. मला जमतं. आणि नळीचं बोलताय कशाला, तो नकोच म्हणालाय."

तेव्हा सूनबाईचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. घडीवरून फिरणारा हात थांबला की थरथरायचा, म्हणून तो थांबत नव्हता.

पडद्याच्या कड्या वाजल्या.

*

मास्तर भिंतीचा आधार घेत आले. दादा उठायला लागला, त्यांनी नजरेनेच त्याला खाली बसवलं. दारापासून टेबलापर्यंतचं अंतर त्यांनी वेळ घेऊन पार केलं, आणि ज्या बाजूला उभं राहून आयुष्यभर कापड बेतलं त्याच बाजूला खुर्ची ओढून बसले.

बसताना मात्र जरा तिरके बसले.

"बघितलंत?" ते म्हणाले. आवाज घशात घासून येत होता, पण शब्द जागच्या जागी होते. "असं बसावं लागतं. शिवण टोचते." मग बहिणीकडे वळून, "ठके, मागे दोरखंड करून ठेवलायस. कापत का नाहीस?"

आत्याचा हात थांबला.

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, मी मास्तर आहे. गिऱ्हाइकाच्या खिशातलं नाणं कमरेला किती ओढतं ते मला पाच पावलांवरून कळतं. माझीच पँट मी झोपलो की आकसते, हे मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं छान फिटिंग करत होतीस." ते थोडं थांबले, लाळ गिळायला त्यांना वेळ लागायचा आणि सगळ्यांना ती वाट बघायची सवय झाली होती. "तुला वाटत होतं मला कळत नाही. तेवढ्यानं तुझा दिवस बरा जायचा. म्हटलं, जाऊ दे."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"पण कापलं का नाहीस ते सांग. असं काम तू कधी करत नाहीस. जास्तीचं कापड कापायचं, कड नीट करायची. बापाने शिकवलंय."

आत्या खाली बघून म्हणाली, "कापलं की संपलं. मग पुन्हा सैल करायची तर कापड कुठून आणू?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. दादाने छताकडे पाहिलं. आता त्याला कळलं की मघाशी अंगठ्याखाली आलेला तो जाड दोरखंड म्हणजे काय होतं. अण्णा पुन्हा भरेल, पुन्हा या पँटमध्ये मावेनासा होईल, आणि तेव्हा टिपा उसवायला आत कापड लागेल. प्रत्येक वेळी आत घेताना आत्याने तेवढं राखून ठेवलं होतं.

मास्तरांनी पँट हातात घेतली. शिवण बोटांनी चाचपली, कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम बघावं तशी. मग ती मांडीवर ठेवली.

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं तर नळी नको का म्हणालात? आत्याने कापड राखून ठेवलंय. तुम्ही नाही म्हणता. याला काय अर्थ आहे?"

"सांगतो. म्हणून तर उठून आलो." मास्तरांनी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले. "मला नळीची भीती नाही. पोटाला एक काज पडेल, पडू दे. औषध मला घ्यायचंय. जगायचंय मला, नीट ऐका, मी कंटाळलेलो नाही. मला भीती हिची आहे."

"माझी?" आत्या म्हणाली.

"तुझी. आत्ता पडद्याआडून ऐकलं मी. सूनबाई दुपार मागते, तू देत नाहीस. दादा रात्र मागतो, तू देत नाहीस. उद्या नळी आली की दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी तू उठणार. मागच्या आठवड्यात तू जिन्यात बसून झोपलेलीस, हातात भांडं घेऊन. मी हाक मारली नाही. मी बरा व्हायचं आणि तू आडवी पडायचं, हे माप मला मान्य नाही, ठके. मी असलं कापड कापत नाही."

"काही आडवी पडत नाही मी."

"मग नळी नाही."

"अण्णा, हट्ट करू नकोस."

"हट्ट तुझा आहे. माझी फक्त अट आहे. उद्या सकाळी मी स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन करतो, घाला म्हणतो. पण आधी तू तोंडाने सांगायचं. या सगळ्यांसमोर."

"काय सांगू?"

"ते तुला ठाऊक आहे."

आत्या उभी राहिली. कोट उचलला, पुन्हा ठेवला. काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं, आणि ते सांगण्याआधी काय काय ओलांडायचं होतं तेही. या घरातून ती कधी गेली नाही. स्थळं आली, मोडली, मग यायची थांबली. कुणी तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. ती नुसती राहिली, आणि त्या राहण्याचं भाडं भरावं तशी कामं करत गेली. काज, बटणं, बाळंतपणं, वहिनीचं म्हणजे या पोरांच्या आईचं आजारपण, पोरांची दुखणी. 'आत्याला सगळं जमतं' हे वाक्य म्हणजे या घरातली तिची खोली होती. ज्या दिवशी ती म्हणेल की जमत नाही, त्या दिवशी ती राहणार कशात?

"मला जमतं," ती म्हणाली, पण या वेळी हळू.

"बघा," मास्तर मुलांना म्हणाले. "सोमवारी माझ्या वतीने तुम्हीच कळवा. नको म्हणून."

"बाबा," दादा म्हणाला, "असं अडवून धरू नका तिला."

"मग काय करू? गोड बोलून पाहिलं. गप्प राहून पाहिलं. तिने माझे कपडे आत घेतले, मी घेऊ दिले, आणि दोघांच्या त्या प्रेमापायी औषध थांबलं. आता पुरे." ते वळले. तोंडावर राग होता, आणि डोळ्यांत मुळीच नव्हता. "ठके, तू इथे कामाला नाहीस. कळलं का? कधीच नव्हतीस. तू नुसती खिडकीत बसून राहिलीस तरी हे घर तुझं आहे. हे मी तुला तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, आता घसा असा झाल्यावर सांगतोय. पण सांगितलं. आता तू बोल."

सूनबाई उठून आत्याच्या शेजारी उभी राहिली. हात धरला नाही, पाठीवर ठेवला नाही, नुसती उभी राहिली. बसच्या दारात भेदरलेलं मूल थांबतं तेव्हा ती अशीच थांबते, घाई न करता, इंजिन चालू ठेवून.

आत्याने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा नुसता श्वास आला. मग तिने टेबलाची कड धरली. बोलली ती अण्णाकडे बघून नव्हे, टेबलावरच्या खडूच्या रेघांकडे बघून. आवाज लहान होता, पण तुटला नाही.

"मला नाही जमत. परवा तू मोरीत घसरलास तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? तुला लागलं का, हे नाही आलं. आता याला मी एकटीने उचलायचं, हे आलं. तुझा राग आला मला, अण्णा. तू पडलेला होतास आणि मला तुझा राग आला. नंतर लागलं का विचारलं. खूप थकलेय मी. हात थांबला की कापतो, म्हणून मी थांबत नाही. मला एकटीला नाही जमत. दुपार हिला देते, रात्र याला देते. नळी घालून घे तू. आणि आजची रात्र मला कुणी उठवू नका."